नाशिकची मेट्रो अडली कुठे, आणि आली तर आपल्या मोहल्ल्याचं काय?

१ फेब्रुवारी २०२१ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्प मांडताना नाशिक मेट्रोचं नाव घेतलं आणि सोबत २,०९२ कोटी रुपयांचा आकडा सांगितला. तेव्हापासून सारडा सर्कल ते द्वारका या पट्ट्यात एक प्रश्न अधूनमधून डोकं वर काढतो. मेट्रो येणार का? येणार असेल तर कुणाचं दुकान जाणार? आणि पैसे मंजूर झाले होते, तर एक खांबसुद्धा का दिसत नाही?

आधी पैशांचा गैरसमज दूर करूया, कारण बाकीच्या बऱ्याच अफवा तिथूनच सुटतात. २,०९२ कोटी हा संपूर्ण प्रकल्पाचा खर्च होता. केंद्र त्यात आपला हिस्सा देईल, एवढीच घोषणा होती. म्हणजे ही रक्कम दिल्लीहून नाशिकला पाठवली असं कधी झालंच नाही. उरलेला भार राज्य सरकार, महापालिका आणि कर्ज यांच्यावर पडणार होता. शिवाय अर्थसंकल्पातला उल्लेख आणि केंद्रीय मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली, दुसरी अडकली.

जी मेट्रो आपल्याला सांगितली गेली, ती मुंबई-पुण्यासारखी नव्हतीच. तिचं नाव मेट्रो निओ. रूळ नाहीत, पोलादी चाकं नाहीत. रबरी टायरची, जोडलेल्या डब्यांची, सुमारे २५ मीटर लांबीची मोठी इलेक्ट्रिक बस, डोक्यावर विजेची तार, आणि धावायला खांबांवरचा स्वतंत्र रस्ता. सोप्या भाषेत ट्रॉलीबस. आपल्याकडे ही चीज अगदी नवी आहे असंही नाही. मुंबईत बेस्टने १९६२ ते १९७१ या काळात गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबस चालवली होती, आणि वडीलधाऱ्यांपैकी कुणी त्या काळी डोंगरी-माझगावकडे राहिलं असेल तर त्यांना ती आठवतही असेल. स्वित्झर्लंडच्या झुरिकमध्ये आणि इक्वेडोरच्या कीटो शहरात आजही ट्रॉलीबसवर शहर चालतं.

नाशिकसाठी हीच का निवडली? गर्दीच्या हिशेबामुळे. मेट्रोचं नियोजन करताना तज्ज्ञ मंडळी एक माप वापरतात: गर्दीच्या वेळी एका तासात एकाच दिशेने किती माणसं जातात. हा आकडा पंधरा-वीस हजारांच्या पुढे गेला, तर जड मेट्रो परवडते. मेट्रो निओ साधारण आठ हजारांपर्यंतच्या गर्दीसाठी आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. शहर तेव्हापासून चांगलंच वाढलंय, पण आपल्याकडे मुंबईसारखी एकाच रेषेत वाहणारी गर्दी नाही. सातपूर-अंबडचा कामगार एका दिशेला, नाशिकरोडचा प्रवासी दुसऱ्या, पंचवटीचा भाविक तिसऱ्या.

खर्चाची तुलना केली की मुद्दा अजून स्पष्ट होतो. निओचे दोन मुख्य मार्ग मिळून सुमारे ३३ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ६३-६४ कोटी. नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा सुमारे ३८ किलोमीटरचा आणि ८,६८० कोटींचा. म्हणजे किलोमीटरला सव्वादोनशे कोटींच्या आसपास. मुंबईची भुयारी मेट्रो ३ साडेतेहतीस किलोमीटरची, खर्च ३७ हजार कोटींच्या वर. नाशिकच्या संपूर्ण प्रकल्पाच्या पैशात तिथे दोन किलोमीटर जेमतेम झाले असते.

मार्ग असे ठरले होते. पहिला साडेबावीस किलोमीटरचा, गंगापूरच्या बाजूने सातपूर, सीबीएस, सारडा सर्कल, द्वारका, गांधीनगर, दत्त मंदिर करत नाशिकरोड रेल्वे स्टेशनपर्यंत. दुसरा साडेदहा किलोमीटरचा, गंगापूरहून जेहान सर्कल, पंचवटी, सीबीएसमार्गे मुंबई नाक्यापर्यंत. यांना जोडणाऱ्या पूरक फेऱ्या बॅटरीवर साध्या रस्त्याने धावणार होत्या. मुख्य मार्गावर तारेखाली असताना बॅटरी चार्ज करून घ्यायची आणि खाली उतरलं की तिच्यावर चालायचं, अशी ती युक्ती.

आता नकाशावर आपलं बोट ठेवा. कोकणीपुरा, काझीपुरा, बागवानपुरा, चौक मंडई, दूध बाजार, खडकाळी ही जुन्या नाशिकची वस्ती सारडा सर्कल आणि द्वारकेपासून पायी अंतरावर आहे. म्हणजे फायदाही जवळ आणि तोडफोडीची भीतीही जवळ. वडाळा गाव, भारतनगर, सादिकनगर, मेहबूबनगर मात्र मुख्य मार्गावर नाहीत. तिथल्या बाईला सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं तर आधी रिक्षा करून द्वारका किंवा मुंबई नाका, आणि मग मेट्रो. दोन भाडी. तिसरं, उतरल्यावरचं. घर ते स्टेशन हे अंतर कसं कापायचं, याचं उत्तर आराखड्यात नसेल तर गरीब वस्तीसाठी मेट्रो ही डोक्यावरून जाणारी वस्तूच ठरते. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणातही स्टेशनच्या आसपासच्या पाच किलोमीटरच्या पट्ट्यासाठी पूरक बस, पायवाटा, सायकल यांची व्यवस्था आराखड्यातच दाखवायला सांगितलं आहे. वडाळ्याच्या नगरसेवकाला विचारायचा प्रश्न हाच.

मग अडलं कुठे?

मेट्रोची फाईल एक लांब शिडी चढते. आधी शहराचा एकूण वाहतूक आराखडा. मग पर्यायांची तुलना, म्हणजे बस पुरेल का, स्वतंत्र बसमार्ग पुरेल का, की मेट्रोच हवी. मग सविस्तर प्रकल्प अहवाल. तो राज्य मंत्रिमंडळाकडे, तिथून केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाकडे, मग खर्चाची छाननी करणाऱ्या मंडळाकडे आणि शेवटी केंद्रीय मंत्रिमंडळापुढे. आपल्या प्रकल्पाचा अहवाल महामेट्रोने केला, राज्य मंत्रिमंडळाने २०१९ च्या ऑगस्टमध्ये मंजुरी दिली, केंद्राने नोव्हेंबर २०२० मध्ये मेट्रो निओची मानकं जाहीर केली आणि दोन महिन्यांनी अर्थसंकल्पात नाव आलं. शेवटची पायरी मात्र सुटली नाही. मधल्या काळात निओ सोडून नेहमीची मेट्रो आणायची का, अशीही चर्चा झाली. द्वारका ते नाशिकरोड नागपूरसारखा डबल डेकर पूल करून खाली वाहनं आणि वर मेट्रो, हाही विचार पुढे आला. विचार बदलला की अहवाल बदलतो, अहवाल बदलला की शिडी पुन्हा खालून.

सिंहस्थाआधी मेट्रो धावेल असं एके काळी सांगितलं जायचं. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि मुख्य पर्वण्या २०२७ मध्ये. खांब न रोवलेली मेट्रो तेवढ्यात होत नाही, हे कुणीही सांगेल.

उशिराबद्दल आमचं मत थोडं वेगळं आहे. चिडचिड समजू शकतो, पण केंद्राचं पाऊल अडखळलं त्यामागे एक खरी अडचण आहे: भारतात कुठल्याही शहरात मेट्रो निओ चालत नाही. पहिला प्रयोग नाशिकवर. आणि एकटं पडलेलं तंत्रज्ञान काय करतं, ते मुंबईच्या मोनोरेलने दाखवलंय. २०१४ मध्ये थाटात सुरू झाली. गाड्या पुरवणारी आणि चालवणारी मलेशियन कंपनी अडचणीत आली, २०१८ च्या अखेरीस तिचं कंत्राट रद्द झालं, सुटे भाग मिळेनात, गाड्या कमी आणि प्रवासी त्याहून कमी. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सेवा थांबवावी लागली. नाशिकने निओ घेतली तर गाड्या किती कंपन्या बनवतात, दहा वर्षांनी टायर-मोटर कुठून येणार, हे आधी विचारायलाच हवं.

प्रवासीसंख्येचंही तसंच. अहवालात लिहिलेली माणसं प्रत्यक्षात गाडीत बसत नाहीत, हा देशभरचा अनुभव आहे. संसदेच्या स्थायी समितीने २०२२ च्या अहवालात बऱ्याच शहरांच्या मेट्रोत अंदाजापेक्षा प्रवासी कमी असल्याकडे बोट दाखवलं होतं. प्रवासी कमी म्हणजे तोटा, तोटा म्हणजे कर्जाचे हप्ते शहराच्या तिजोरीतून. ती तिजोरी आपल्या घरपट्टी-पाणीपट्टीने भरते. आणखी एक. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे घर किंवा जागा घेताना एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्कावर १ टक्का मेट्रो अधिभार लागतो. चाळीस लाखांच्या फ्लॅटला चाळीस हजार. मेट्रो आली तर हा अधिभार आपल्याकडे येणार का, हे मुलीच्या लग्नाचे पैसे मोडून फ्लॅट बुक करणाऱ्या बापाला माहीत असायला हवं.

जागेचा प्रश्न

इथे जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त भीती इथेच आहे आणि सगळ्यात कमी माहितीही इथेच.

उन्नत मेट्रोचे खांब शक्यतो रस्त्याच्या दुभाजकात येतात. सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींना धक्का लागायचं कारण नसतं. जागा लागते ती तीन ठिकाणी: स्टेशनचे जिने आणि लिफ्ट फुटपाथवर उतरतात तिथे, डेपोसाठी, आणि वळणावर. वळणाची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पोलादी चाकांची मेट्रो एकदम वळू शकत नाही. तिला शंभर मीटरहून मोठ्या त्रिज्येचं ऐसपैस वळण लागतं. म्हणजे चौकात ती कोपरा कापत जाते, आणि कोपऱ्यावरची इमारत वाटेत येते. रबरी टायरची निओ बससारखी आखूड वळण घेते. त्यामुळे निओऐवजी नेहमीची मेट्रो आणायचं ठरलं, तर सारडा सर्कल, द्वारका, सीबीएस यांसारख्या चौकांतल्या कोपऱ्यांचा हिशेब बदलू शकतो. "मोठी मेट्रो पाहिजे" अशी घोषणा देणाऱ्यांनी आणि टाळ्या वाजवणाऱ्या दुकानदार भाईंनी हे ध्यानात घ्यावं. आधीचा नकाशा पाहून निर्धास्त झालेल्यांनीही नवा नकाशा आला की पुन्हा पाहावा.

जागा घेतलीच तर भरपाई किती? मेट्रोसाठी जमीन १९७८ च्या मेट्रो रेल्वे बांधकाम कायद्याखाली घेता येते. पण केंद्राने २०१५ मध्ये आदेश काढून अशा कायद्यांनाही २०१३ च्या भूसंपादन कायद्याची भरपाई आणि पुनर्वसनाची तत्त्वं लागू केली आहेत. शहरी भागात ढोबळ हिशेब असा: बाजारभाव, अधिक तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे सुमारे दुप्पट. बांधकामाची किंमत वेगळी धरली जाते. थेट वाटाघाटीने खरेदी किंवा पैशांऐवजी वाढीव बांधकामाचा हक्क, असेही पर्याय दिले जातात. हक्काचा कागद घ्यायचा की रोख, हे ठरवताना वकील आणि आर्किटेक्ट दोघांना विचारावं. बिल्डरच्या माणसाला शेवटी.

भाडेकरूंना वाटतं की आपल्याला काहीच मिळणार नाही. तसं नाही. संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या भागात राहणारा किंवा काम करणारा, आणि ज्याची मुख्य रोजीरोटी त्या संपादनाने जाते, असा भाडेकरू किंवा कारागीरसुद्धा २०१३ च्या कायद्यात 'बाधित कुटुंब' या व्याख्येत बसू शकतो. पण तीन वर्षं सिद्ध कशाने करणार? भाड्याची पावती नाही, वीजबिल मालकाच्या नावावर, दुकान परवाना संपलेला. जुन्या वाड्यांत तोंडी व्यवहारावर पिढ्या गेल्या. मालक चांगला, भाडेकरू चांगला, कागद कुणाकडेच नाही. मुंबईत मेट्रो ३ साठी काळबादेवी-गिरगावच्या जुन्या इमारती पाडल्या, तेव्हा तिथल्या रहिवाशांना त्याच भागात नव्या इमारतींत घरं देण्याची योजना झाली. ती मिळाली ती यादीत नाव असलेल्यांना. यादी कागदावरून होते.

फुटपाथवर, हातगाडीवर बसणाऱ्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. महापालिकेच्या सर्वेक्षणात नोंद आणि विक्री प्रमाणपत्र असेल, तर हटवण्याआधी नोटीस आणि पर्यायी जागेचा मुद्दा उभा राहतो. प्रमाणपत्र नसेल तर अतिक्रमण विभागाची गाडी येते आणि तराजू-टोपल्या उचलून नेते, हे आपण रोज पाहतोच.

आणि बांधकाम सुरू असताना रस्त्यात पत्रे लागून गिऱ्हाईक तुटलं, तर? जागा घेतली नाही म्हणून भरपाईच्या चौकटीत ते सहजासहजी बसत नाही. पुण्यात, नागपुरात मेट्रोच्या कामाने व्यापाऱ्यांचे हाल झाले ते मुख्यतः असेच. यावर उपाय आधीच मागून घ्यायचा असतो: काम टप्प्याटप्प्याने, पायी जायला वाट खुली, रमजानच्या संध्याकाळी आणि ईदच्या आधीच्या आठवड्यात बाजाराजवळचे पत्रे मागे. दिवाळीला बाकीचे व्यापारी हेच मागतील. एकत्र मागितलं तर जास्त ऐकलं जातं.

घरातल्या घरात अडलेली कामं

आमच्या मते मेट्रोपेक्षा मोठा धोका आपल्या घरातल्या पेटीत आहे. जुन्या नाशिकमधली कित्येक घरं अजून दादाजींच्या, कधी परदादाजींच्या नावावर आहेत. वारस नोंद केलेली नाही. एका भावाने वरचा मजला चढवला, दुसरा मालेगावला गेला, फुफ्फीचा हिस्सा शरीयतप्रमाणे निघतो पण तिला कधी कुणी विचारलंच नाही. अब्बांनी तोंडी हिबा केला म्हणे. साक्षीदार दोघेही अल्लाहला प्यारे झाले. तोंडी हिबा आपल्या व्यक्तिगत कायद्यात चालतो, ताबा दिला असला पाहिजे; पण नोंद नसेल तर अधिकाऱ्यासमोर आणि कोर्टात तो सिद्ध करताना दम निघतो.

संपादनाची नोटीस आली की हे सगळं एका महिन्यात बाहेर येतं. हिश्श्यांचा वाद झाला की भरपाईची रक्कम प्राधिकरणाकडे जमा होते आणि निकाल लागेपर्यंत तिथेच राहते. घर गेलेलं, पैसा अडकलेला, भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नाहीत. मेट्रो येवो न येवो, रस्ता रुंदीकरणातही हेच होतं. बहिणींचा हिस्सा काढून वारस नोंद करून घेणं हे आजच होऊ शकणारं काम आहे, आणि ते दीनचंही आहे.

वक्फच्या जागेची गोष्ट वेगळी. मशीद, दर्गा, कब्रस्तान किंवा त्यांची दुकानं वाटेत येत असतील, तर संपादन करणाऱ्याला वक्फ बोर्डाला नोटीस द्यावी लागते आणि बोर्डाला म्हणणं मांडायची संधी मिळते. भरपाई मुतवल्लीच्या खिशात जात नाही, ती वक्फची असते. पण हे तेव्हाच, जेव्हा जागेची नोंद वक्फ म्हणून झालेली असेल. ट्रस्टींनी नोंदणीची सद्यस्थिती जमातीसमोर एकदा वाचून दाखवावी. जुम्म्यानंतर दहा मिनिटं पुरतात.

दोन जुनी शहरं

दाट वस्तीत मेट्रो येऊच शकत नाही, असं नाही. जुन्या दिल्लीत चावडी बाजार स्टेशन २००५ मध्ये भुयारात सुरू झालं आणि जामा मशीद नावाचं स्टेशन मे २०१७ मध्ये. वर गल्ल्या तशाच. पण भुयाराला पैसा लागतो, आणि नाशिकसारख्या शहराला कुणी भुयार देणार नाही, हेही मान्य करायला हवं.

दुसरं शहर हैदराबाद. तिथे मेट्रो नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाली, फेब्रुवारी २०२० पर्यंत महात्मा गांधी बस स्टेशनपर्यंत आली आणि जुन्या शहराच्या उंबरठ्यावर थांबली. पुढचा फलकनुमापर्यंतचा तुकडा मूळ आराखड्यात होता. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना मालमत्ता, वाटेत मशिदी, दर्गे, आशुरखाने, मंदिरं. मार्गावर वाद, रुंदीकरणाला विरोध, आणि सरकारचीही ढिलाई. भूमिपूजन झालं ते ८ मार्च २०२४ ला. मधल्या वर्षांत हायटेक सिटीची पोरं थंड डब्यातून कामावर गेली आणि चारमिनारची पोरं ऑटोत लटकून. विरोध करणाऱ्यांचं घर वाचलं असेल. मुलांचा वेळ गेला. आम्हाला यात एक बाजू घेता येत नाही, पण नाशिकमध्ये नुसतं "नको" म्हणण्याआधी हे उदाहरण डोळ्यांपुढे असावं.

तोवर बस आहे. जुलै २०२१ पासून शहर बस एसटीकडून महापालिकेच्या सिटीलिंककडे आली. मेट्रोच्या चर्चेत बस विसरली जाते, आणि खरं तर वडाळा-भारतनगरच्या विद्यार्थिनींना आज हवी आहे ती दर पंधरा मिनिटांनी येणारी, संध्याकाळी सातनंतरही मिळणारी बस. ती मागायला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही. शिवाय जिथे बस भरून धावते तिथेच पुढे मेट्रोची गर्दी दाखवता येते. नियोजनकार आकडे तिथूनच उचलतात.

मुलांसाठी एक ओळ: महामेट्रोच्या भरतीत आयटीआय झालेल्या इलेक्ट्रिशियन, फिटर, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना आणि डिप्लोमावाल्यांना जागा असतात, आणि त्या नाशिकमध्ये मेट्रो नसली तरी नागपूर-पुण्यासाठी निघतात.

मेट्रोचा मार्ग शहराच्या विकास आराखड्यात दाखवायचा असेल, तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदलाची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. ती जाहिरात बारीक अक्षरात असते, सिटी सर्व्हे नंबरांची रांग असते, गल्लीचं नाव नसतं. म्हणून आपल्या घराचा आणि दुकानाचा सिटी सर्व्हे नंबर घरात दोन जणांना तरी पाठ असावा. तो मालमत्ता पत्रकावर असतो. मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयात मिळतं, आणि डिजिटल स्वाक्षरीची प्रत शासनाच्या महाभूमी पोर्टलवरून थोडं शुल्क भरून काढता येते. काढल्यावर सगळ्यात आधी मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते पाहा.